आईचे बिऱ्हाड हलवताना

टेम्पो खळ्यापर्यंत येत नाही, म्हणून सामान वाडीच्या पाखाडीवरून रस्त्यापर्यंत न्यावे लागते. मुलगा पुण्याहून दोन दिवसांची रजा काढून आलेला असतो, मुलगी ठाण्याहून. दोघेही झपाट्याने कामाला लागतात. काय न्यायचे, काय वाटून टाकायचे आणि काय भंगारात घालायचे, हे त्यांनी आधीच फोनवर ठरवलेले असते. तांब्याचा बंब ‘आता कशाला?’, उखळ-मुसळ ‘ठेवणार कुठे?’, कागदपत्रांची पत्र्याची पेटी ‘नंतर पाहू’. ज्या बाईने पन्नास-पंचावन्न वर्षे हे घर चालविले, ती या साऱ्या गडबडीत पडवीतल्या खुर्चीवर बसून असते. मधूनच कुणीतरी तिच्या हातात चहा देते. तिला काही विचारले जात नाही. कारण तिला त्रास होऊ नये, ही मुलांची अगदी प्रामाणिक इच्छा असते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील असंख्य घरांनी हा दिवस पाहिला आहे. घाटावर खळ्याच्या जागी वाड्याची देवडी असते, एवढाच फरक. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली होती आणि त्यानंतर ती वाढतच राहिली आहे. मुले शिकली, शहरात गेली, काही सातासमुद्रापलीकडे गेली. मागे राहिलेल्या आईवडिलांपैकी एक जण गेला, की उरलेल्याचे बिऱ्हाड हलविण्याचा प्रश्न तेराव्याच्या आतच घरात बोलला जाऊ लागतो.

आपल्या मध्यमवर्गीय घरांना या बाबतीत एक अभिमान आहे आणि तो अनाठायी नाही. ‘आम्ही आईला वृद्धाश्रमात ठेवले नाही, घरी आणले’ हे वाक्य मान ताठ ठेवून बोलले जाते. पण आणले म्हणजे झाले का? कुटुंबव्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्या आपण सर्वांनीच हा प्रश्न स्वतःला जरा कठोरपणे विचारायला हवा. वृद्धाश्रमात निदान खोलीबाहेर नावाची पाटी तरी असते. मुलाच्या सदनिकेत आलेल्या आईला पुष्कळदा नातवाच्या अभ्यासाच्या खोलीतला एक पलंग मिळतो, कपाटातले दोन कप्पे मिळतात आणि दिवसभर ऐकायला एक प्रेमळ वाक्य मिळते, ‘तू आता काही करू नकोस, नुसती बसून राहा.’

या वाक्याइतके निष्ठुर वाक्य दुसरे नसेल. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण ज्या हातांनी पहाटे चूल पेटविली, आंब्याच्या दिवसांत गडीमाणसांचे जेवणखाण सांभाळले, श्रावणातले सणवार आणि भाद्रपदातला गणपती पार पाडला, त्या हातांना कामच नको, असा त्याचा अर्थ होतो. गावच्या घरात ती मालकीण होती. भाताची कणगी किती उरली, शेजारच्या सुनेचे दिवस कितवे, नारळ पाडायला कोणाला बोलवायचे, हे सारे तिला विचारले जाई. पुण्याच्या घरात डाळीचा डबा कोणता, हे तिलाच दुसऱ्याला विचारावे लागते. मग ती विचारणे सोडते. घरातली माणसे म्हणतात, ‘आई हल्ली फार शांत झाली.’

महाभारतातील आश्रमवासिक पर्व आपल्याकडे फारसे वाचले जात नाही. युद्ध संपले की बहुतेकांचे वाचन संपते. ते पर्व मात्र घरात वृद्ध माणूस असलेल्या प्रत्येकाने वाचावे. युद्धानंतर धृतराष्ट्र पंधरा वर्षे पांडवांच्या आश्रयाने राहिला. युधिष्ठिराने त्याची व्यवस्था अशी ठेवली होती, की अन्न, वस्त्र, शय्या, मान कशातच उणे पडू नये. उणे पडले ते एका ठिकाणी. म्हाताऱ्याच्या कानावर पडतील असे भीमाचे बोल अधूनमधून जात राहिले, ज्या बाहूंनी तुझे पुत्र मारले ते हे बाहू, अशा आशयाचे. अखेर धृतराष्ट्राने वनात जाण्याचे ठरविले. युधिष्ठिराने त्याला परोपरीने विनविले. व्यासांनी सांगितले तेव्हा कोठे त्याने अनुमती दिली. जाण्यापूर्वी धृतराष्ट्राला आपल्या मृतांची श्राद्धे करावयाची होती. भीमाने द्रव्य द्यायला विरोध केला, अर्जुन आणि युधिष्ठिर यांनी ते दिले. माणसाला घर सोडण्यापूर्वी काही तरी पुरे करायचे असते, हे त्या दोघांना कळले होते.

आणि कुंती? ती पुढे चालत होती, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या गांधारीचा हात तिच्या खांद्यावर होता आणि गांधारीच्या खांद्यावर धृतराष्ट्राचा. पांडवांना वाटले, आई निरोप द्यायला निघाली आहे. तिने सांगितले, आता परतायचे नाही. पृथ्वी जिंकलेले ते पाच पुत्र रडले, त्यांनी वाद घातला. पण आईचा निर्णय ते आईच्या वतीने घेऊ शकले नाहीत. पुढे ते तिला भेटायला वनात गेले. आपल्या परंपरेत घर सोडणे अशुभ नव्हते. ते कधी आणि कोणासंगे सोडायचे, हे सोडणाऱ्याने ठरवायचे असे.

मुलांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. कौलांतून गळणारे पाणी, परसातले साप, रात्री-अपरात्री छातीत दुखले तर तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचा घाटाचा रस्ता, ही काळजी खोटी नाही. आणि आई घरी आली की तिची पथ्ये, औषधे आणि रुसवे सांभाळण्याचे काम बहुधा सुनेकडे येते, तिला कोणीही न विचारता. दोन स्त्रियांना न विचारता पुरुषांनी घेतलेला निर्णय, असे अनेक घरांतले खरे चित्र आहे. तेव्हा विचारायचे ते दोघींना.

विचारणे म्हणजे एका रविवारी बैठक घेऊन होकार मिळविणे नव्हे. पावसाळ्याचे चार महिने आईने शहरात राहून पाहावे, गणपतीला परत जावे, दिवाळीला पुन्हा यावे. असे वर्ष-दोन वर्षे चालले, की शहरातल्या घराच्या भिंती तिच्या ओळखीच्या होतात आणि ‘आता इथेच राहते’ हे वाक्य पुष्कळदा तीच बोलते. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्य परिवहनच्या गाडीने राज्यात विनामूल्य प्रवास करण्याची सवलत ऑगस्ट २०२२ पासून मिळाली. येण्याजाण्याच्या खर्चाची सबब त्यामुळे फारशी उरली नाही. सोबतीला कोणी तरी जायला हवे, इतकेच.

सामानाची निवडही तिची असावी. उखळ नेता येणार नाही, हे तिला समजते. पण अडकित्ता, विळी, नवऱ्याची काठी, सहाणेवरचे झिजलेले खोड, यांतले काय न्यायचे हे तिने सांगावे आणि त्यावर हसू नये. ज्या वस्तू राहणार, त्या कोणाला द्यायच्या हेही तिनेच सांगावे. बंब भंगारवाल्याकडे जाणे आणि शेजारच्या घरी जाणे, यांत तिच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

नव्या घरात पलंग असा लावावा, की उठल्यावर न्हाणीघर जुन्या घरी होते त्याच हाताला येईल. क्षुल्लक वाटते, पण रात्री अर्धवट झोपेत म्हातारे माणूस सवयीच्या दिशेनेच वळते आणि पडते. पहिल्या महिन्यात रात्रभर मंद दिवा, न्हाणीघरात धरायला दांडी, पायाखाली न सरकणारे जाजम हवे. गावच्या डॉक्टरांकडून जुन्या तपासण्यांचे कागद घ्यावेत. स्वयंपाकघरात एक फळी तिची, एक पदार्थ तिचा. नैवेद्य तिनेच करावा. आणि समाजकार्यासाठी संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या कार्यकर्त्याने आठवड्यातली एक संध्याकाळ आईला जवळच्या मंदिरात, भजनी मंडळात घेऊन जाण्यासाठी राखावी. ओळखीची चार तोंडे दिसू लागली, की परके शहर थोडे आपले होते.

आता नाजूक मुद्दा. बिऱ्हाड हलते त्याच आठवड्यात घर विकण्याची किंवा बक्षीसपत्राची गोष्ट काढली जाते. ही दोन कामे एकत्र करू नयेत. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ साली झालेल्या कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मिळविता येते. त्यासाठी प्रांताधिकारी किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे दाद मागायची असते. मात्र अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. २ जानेवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातील एका मातेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने या कायद्याचा उदार अर्थ लावला आणि मुलाच्या नावे केलेले बक्षीसपत्र रद्द ठरविले. तरीही अट कागदावर स्पष्ट लिहिलेली असावी, हेच शहाणपणाचे. ‘आमच्या घरात असे होणार नाही’ असे वाटत असेल, तर ती अट लिहिताना मुलाचा हात अडखळण्याचे कारण नाही.

शेवटी सारे सामान गेल्यावर देवघर उरते. देव सर्वांत शेवटी निघतात आणि नव्या घरात सर्वांत आधी प्रवेश करतात. ते पेटीत घालून टेम्पोत ठेवू नयेत. गाडीत पुढच्या आसनावर आईने बसावे, देव तिच्या मांडीवर असावेत. जुन्या घराला कुलूप तिनेच लावावे. किल्ली तिच्याकडेच राहू द्यावी. भाद्रपदात घर उघडायला ती लागणार आहे.