शाई न लागलेली लेखणी

जुनी फाउंटनपेने जमवणे हा एक वाङ्मयीन छंद आहे, असा समज आपल्या अभ्यासकवर्तुळात चांगलाच रुजला आहे. टपाल तिकिटे जमवणाऱ्याला आपण नुसता संग्राहक म्हणतो. पार्कर वा शेफर जमवणाऱ्या प्राध्यापकाला मात्र लगोलग लेखणीचा उपासक ठरवून मोकळे होतो. आम्हांला हा समज मान्य नाही. छंदाशी आमचे भांडण नाही. ज्याला परवडते त्याने जमवावे. भांडण आहे ते या छंदाने साहित्याच्या नावावर खपवलेल्या मूल्यव्यवस्थेशी. ही व्यवस्था लिहिल्याच्या खुणेला दोष मानते आणि न लिहिण्याला गुण.

आधी वस्तूचे श्रेय वस्तूला देऊ. बोरू आणि टाक यांना दर काही शब्दांनी दौतीकडे परतावे लागे. फाउंटनपेनाने शाई पोटात घेतली. पण खरा प्रश्न शाई भरण्याचा नव्हताच, ती बेताने सोडण्याचा होता. जेवढी शाई बाहेर पडते तेवढी हवा आत जायला हवी. एरवी पेन एकतर अडते, नाहीतर ओकते. १८८४ साली लुइस वॉटरमन याने पेटंट घेतले ते निबेखालच्या जिभेतल्या बारीक खाचांसाठी. शाई आणि हवा यांचा हा व्यवहार त्या खाचा सांभाळत. १९४१ साली बाजारात आलेल्या ‘पार्कर ५१’ने निब जवळजवळ संपूर्ण झाकून घेतली, कारण कागदावर झटपट वाळणारी शाई निबेवरही तितक्याच झटपट वाळली असती. अशा युक्त्यांचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे, आणि ते आम्हांलाही वाटते.

याहून महत्त्वाची गोष्ट निबेच्या टोकाशी आहे. सोने मऊ, म्हणून टोकावर कठीण मिश्रधातूचा कण बसवलेला असतो. तोही वर्षानुवर्षांच्या लिहिण्याने झिजतो, आणि झिजतो तो लिहिणाऱ्याच्या हाताच्या कलाने. आपले पेन दुसऱ्याला लिहायला देऊ नये असे घरोघरी सांगत, त्यामागे हा अनुभव होता. जुन्या पेनात मागच्या माणसाचा हात शिल्लक राहतो, असे म्हणणे म्हणूनच केवळ भावुकपणाचे नाही.

आता बाजाराचे मोजमाप पाहा. तिथे सर्वांत चढा भाव कोणत्या पेनाला? ज्याला कधी शाईच लागलेली नाही, ज्यावर दुकानातली किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली आहे, त्याला. झिजलेली निब म्हणजे खोट. आणि पेनावर कोणाचे नाव कोरलेले असेल, तर ती त्याहून मोठी खोट. मालक प्रसिद्ध नसेल तर नावासरशी किंमत उतरते. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालत तसे पेनावरही घालून घेत. मॅट्रिक पास झालेल्या मुलाला वडिलांनी, निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला सहकाऱ्यांनी दिलेली अशी पेने मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कोणाच्या हाती लागली, की ते नाव घासून काढण्याचा मोह होतो. जुन्या पुस्तकाच्या समासातील टिपणावरून ज्यांनी वाचकाचा माग काढायचा, त्या साहित्याच्या अभ्यासकांनी पेनावरचा एकमेव मजकूर पुसावा, याला काय म्हणावे?

साहित्याची ढाल पुढे करणाऱ्यांनी ‘माँ ब्लाँ’च्या लेखक-मालिकेकडेही एकदा नीट पाहावे. १९९२पासून निघालेली ही पेने मर्यादित संख्येची, म्हणजे जन्मतःच दुर्मीळ. आता तीही जुन्या पेनांच्या पंक्तीला बसून हातोहात फिरतात. मालिकेतले पहिले पेन हेमिंग्वेच्या नावाचे. तो पहिला खर्डा पेन्सिलीने लिही. १९९५ साली व्हॉल्तेर, २००५ साली सर्व्हांतेस. दोघांनीही वॉटरमनच्या जिभेचे पेन पाहण्याचा प्रश्नच नव्हता. १९९७ साली दस्तयेव्हस्की. त्याने ‘जुगारी’ ही कादंबरी १८६६ साली मुदतीच्या धाकात लघुलेखिकेला तोंडी सांगितली. कळस १९९६च्या द्युमा-पेनाचा: त्यावर बापाऐवजी मुलाची, म्हणजे धाकट्या द्युमाची, सही छापली गेली. चूक पुढे सुधारली. पण संग्राहक आजही सही बापाची की लेकाची एवढेच विचारून भाव ठरवतात. दोघांपैकी कोणाचे काय वाचले आहे, हा प्रश्न त्या सौद्यात उद्भवतच नाही.

याच कंपनीने २००९ साली गांधीजींच्या नावाने २४१ पेने काढली, दांडीयात्रेच्या मैलांइतकी. एकेकाची किंमत अकरा लाख रुपयांवर. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१०मध्ये भारतातील विक्री थांबवावी लागली. गांधीजींच्या स्वदेशीच्या हाकेला ओ देऊन राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी १९३०च्या दशकात साधे, लिहिते पेन घडवले होते. नावाचा मान कोणी राखला, हे सांगायला नको.

संग्राहक म्हणतील, आम्ही नसतो तर ही पेने भंगारात गेली असती. हे अर्धे खरे आहे. कडक झालेली रबरी पिशवी बदलणारा, वाळलेली शाई पाण्यात भिजवून जीभ मोकळी करणारा, वाकलेली निब सरळ करणारा कारागीर पेन खरोखर वाचवतो, कारण तो ते लिहिते करतो. त्याच्याकडून घेऊन रोज लिहिणारा आमच्या टीकेचा विषय नाही. मखमलीच्या पेटीत निजलेले पेन मात्र वाचलेले नसते. ते फक्त राखलेले असते.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून तरल्या, अशी कथा महाराष्ट्राने शतकानुशतके सांगितली. बोरू तरला, असे कोणी सांगितले नाही. आपल्या परंपरेला काय जपायचे ते ठाऊक होते. आमची मागणी म्हणून मोठी नाही. जुने पेन अवश्य घ्यावे; घेतल्यावर त्यात शाई भरावी; त्यावर नाव असेल तर ते घासू नये. हे जमत नसेल, तर छंदाला छंद म्हणावे आणि साहित्याला त्यात ओढू नये.