चूक हाताची की वस्तूची?

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात बारा बालकांना पोलिओच्या लसीऐवजी हात निर्जंतुक करण्याच्या द्रावणाचे थेंब पाजले गेले. सुदैवाने बालके बचावली. दोष कर्मचाऱ्यांवर आला, तो रास्तच; परंतु विषारी वस्तू औषधासारखी हाती येते, याचा विचार कोणी करावयाचा?

यंत्रांचेही तेच. १९८६ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात थेरॅक-२५ या किरणोपचार-यंत्राच्या पडद्यावर ‘बिघाड ५४’ एवढेच उमटले. अर्थाचा उलगडा होईना. नेहमीप्रमाणे ‘पुढे चालू’ची कळ दाबली गेली. यंत्राने मुकाट्याने दुसरा घातक झोत सोडला. रुग्ण पुढे दगावला. अशा वेळी कळ दबूच नये, अशी योजना यंत्रात नको होती काय?

पोलिओच्या लसीच्या कुपीवर एक फिका चौकोन असतो. उष्णता लागत जाते तसा तो गडद होतो आणि लस निकामी झाल्याचे निरक्षरासही कळते.