कॅथेड्रलचं गाणं नागपूरनं ऐकावं

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्चसंस्थांनी आपापल्या वेगळ्या चुली मोडल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही एक संस्था उभी राहिली. त्यासाठीच्या वाटाघाटी १९२९ पासून चालू होत्या. बिशपांचे अधिकार किती असावेत, बाप्तिस्मा लहानपणी द्यावा की जाणत्या वयात, अशा प्रश्नांचा कीस काढण्यात चाळीस वर्षं गेली. ख्रिस्ती जगाच्या इतिहासात नागपूरचं नाव या दिवसामुळे लिहिलं गेलं आहे.

एकत्र आलेल्या या मंडळ्यांचं गाणं मात्र कधीच एकसारखं नव्हतं. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून. त्यांच्या चर्चमध्ये तेव्हा उपासनेत वाद्याला मज्जाव होता. स्तोत्रं नुसत्या गळ्यानं म्हणायची. त्या चर्चनं ऑर्गनला परवानगी दिली १८८३ साली, म्हणजे नागपुरात हिस्लॉप कॉलेज सुरू झालं त्याच वर्षी. अँग्लिकन मंडळींची तऱ्हा अगदी वेगळी. १९०३ साली नागपूर हा त्यांचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, एअर चॅटर्टन पहिले बिशप म्हणून आले, आणि त्यांच्यामागे साडेतीनशे वर्षांची एक गायनपरंपरा उभी होती: अनेक पट्ट्यांतले आवाज, दगडी कमानी आणि ऑर्गनची साथ.

नागपूरच्या रसिकांचं लक्ष या परंपरेकडे फारसं गेलं नाही. साहेबाचं गाणं म्हणून ते कॅथेड्रलच्या कुंपणाआडच राहिलं. वसंतराव देशपांडे ज्या शहरात शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकले, त्या शहरानं एवढं मोठं संगीत न ऐकताच सोडून द्यावं, हे काही बरं नाही.

या संगीताचं खरं घर म्हणजे ‘इव्हनसाँग’, रोजची सायंउपासना. १५४९ साली आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांनी लॅटिनऐवजी इंग्रजीत प्रार्थनापुस्तक आणलं, तेव्हा मठांमधल्या संध्याकाळच्या आणि रात्रीच्या प्रार्थना एकत्र करून ती तयार झाली. इंग्लंडच्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये आजही आठवड्यातले बरेच दिवस, दिवेलागणीच्या आगेमागे, ती गायली जाते. पाऊण तासाचा कार्यक्रम. तिकीट नाही, टाळ्या नाहीत, आलेल्याला कुणी धर्म विचारत नाही. एखाद्या थंड मंगळवारी ऐकायला दहा-पंधराच माणसं असतात, तरी गाणाऱ्यांनी दुपारी तालीम केलेली असते. सात-आठ वर्षांपासूनची मुलं वरच्या पट्टीत, प्रौढ पुरुष मधल्या आणि खालच्या पट्ट्यांत. कित्येक शतकं हा मान फक्त मुलग्यांचा होता. सॉल्झबरी कॅथेड्रलनं १९९१ साली मुलींचा स्वतंत्र गायकवृंद उभा केला आणि मग एकामागून एक कॅथेड्रलनी तीच वाट धरली. उशीर फारच झाला, पण ते झालं हे चांगलं.

गायकवृंद दोन रांगांत वाटलेला असतो. रांगा समोरासमोर. स्तोत्राचा एक चरण या बाजूनं म्हणायचा, पुढचा त्या बाजूनं, आणि शेवट दोघांनी मिळून करायचा. ज्यानं वारकऱ्यांचा हरिपाठ पाहिला आहे, टाळकऱ्यांच्या आमोरासमोर उभ्या रांगा आणि मधला वीणेकरी पाहिला आहे, त्याला ही मांडणी समजावून सांगावी लागत नाही. समोरच्यानं सोडलेला चरण आपण उचलायचा, तोही त्याच्याच लयीत आणि त्याच्याच वजनानं. यात ऐकणं आणि गाणं वेगळं काढता येत नाही. १६६२च्या प्रार्थनापुस्तकात दीडशे स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांवर सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिली आहेत. पंधराव्या संध्याकाळी ७८वं स्तोत्र येतं, सगळेच्या सगळे ७३ चरण. महिना संपला की पुन्हा पहिल्यापासून. पारायणाची सवय असलेल्या समाजाला या शिस्तीचं मोल कळतं.

स्तोत्राची चाल अगदी लहान असते, दहा किंवा वीस सुरांची. पहिल्या सुरावर हवे तेवढे शब्द बोलण्याच्या ओघात म्हणायचे आणि चरणाच्या शेवटच्या अक्षरांवर चाल वळवायची. तीसेक माणसांनी ठेका नसताना, तबला नसताना, एकाच क्षणी ‘त’ म्हणायचा, हे किती अवघड आहे हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. इथंच ऑर्गनवादकाचीही कसोटी लागते. चाल तीच, पण चरणागणिक तो आवाजाचा पोत बदलतो. शब्दांत पक्षी आले की बासरीसारख्या बारीक नळ्या, मेघगर्जना आली की जमिनीतून घुमणारा खर्ज. शब्द झाकायचे नाहीत, ही अट मात्र कायम. चांगली साथ म्हणजे काय, हे जाणणाऱ्या कुठल्याही पेटीवाल्यानं इथं मान डोलवावी.

मराठी माणसाला ऑर्गन तसा नवा नाही. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून संगीत रंगभूमीवर पायांनी भाता हलवायचा ऑर्गन नटाच्या गळ्याला साथ देत आला आहे. त्या ऑर्गनमध्ये पत्त्या असतात, धातूच्या, हवेनं थरथरणाऱ्या. कॅथेड्रलच्या ऑर्गनमध्ये नळ्या असतात, लाकडाच्या आणि धातूच्या, शेकड्यांनी किंवा हजारांनी. सर्वांत छोटी नळी पेन्सिलीएवढी. मोठ्या ऑर्गनची सर्वांत लांब नळी ३२ फूट, म्हणजे तीन मजली घराएवढी. तिचा सर्वांत खालचा सूर सेकंदाला सुमारे १६ कंपनांचा असतो. तो कानापेक्षा बाकाच्या लाकडातून आणि तळपायांतून अधिक जाणवतो. वादकाच्या हाताशी तीन-चार थरांचे पट्टे, पायाखाली लाकडी पट्ट्यांचा आणखी एक संच, दोन्ही बाजूंना ओढण्याच्या खुंट्या. पुष्कळदा त्याला गाणारे थेट दिसतही नाहीत. आरशात किंवा छोट्या पडद्यावर गायनप्रमुखाचा हात पाहून तो वाजवतो.

एक रचना जवळून ऐकण्याजोगी आहे. चार्ल्स व्हिलिअर्स स्टॅनफर्ड यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी जी मेजर या स्वरात सायंउपासनेची दोन स्तोत्रं बांधली. त्यातलं पहिलं मरियेचं स्तोत्र, ‘मॅग्निफिकॅट’. पहिला सूर लागण्याआधीच ऑर्गनच्या हलक्या नळ्यांवर स्वरांची एक बारीक, न थांबणारी भिरभिर सुरू होते. ती आहे चरख्याची. कोवळ्या वयाची मरिया सूत कातत बसली आहे आणि कातता कातता गाते आहे, असं चित्र ऐकणाऱ्याच्या मनात उभं राहतं. तिचा आवाज एका मुलाचा, एकट्याचा. त्या भिरभिरीच्या वर तो तरंगत राहतो. मग गायकवृंद खालून हलकेच आधार देतो आणि पुन्हा बाजूला होतो. सेवाग्राम ज्या शहरापासून दोन तासांच्या अंतरावर आहे, तिथल्या श्रोत्याला हे चाक ओळखू येईल. स्टॅनफर्ड जन्मानं डब्लिनचे. नागपूरचे पहिले बिशप चॅटर्टनही आयर्लंडचेच, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेले.

मरियेच्या या स्तोत्राचा अर्थही लक्षात घ्यायला हवा. बलवानांना आसनांवरून खाली ओढलं, दीनांना वर उचललं, भुकेल्यांना पोटभर दिलं आणि श्रीमंतांना रिकाम्या हातांनी परत पाठवलं, असं ती गरीब मुलगी देवाविषयी सांगते. साम्राज्याच्या राजधानीत, मंत्री आणि सेनापती ऐकत असताना, हे शब्द शतकानुशतकं रोज संध्याकाळी गायले गेले. ऐकणाऱ्यांनी ते किती मनावर घेतले हा इतिहासाचा प्रश्न. संगीतकारांनी ते मनावर घेतले होते, याची साक्ष त्यांच्या रचनाच देतात.

ज्याला आपण सरसकट इंग्रज राज्यकर्त्यांचं संगीत म्हणून मोकळे होतो, ते घडवणारी माणसंही एका साच्याची नव्हती. विल्यम बर्ड हे राणी एलिझाबेथच्या दरबारी चॅपलचे संगीतकार; १५७५ साली त्यांना आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी थॉमस टॅलिस यांना राणीनं संगीत छापण्याचा २१ वर्षांचा मक्ता दिला. पण बर्ड मरेपर्यंत कॅथलिक राहिले, ज्या पंथाच्या उपासनेवर तेव्हा इंग्लंडात बंदी होती. १६४४ साली तर संसदेनंच ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम काढला. नळ्या वितळवल्या गेल्या, गायकवृंद उठले, आणि १६६० साली राजा परतल्यावर सगळं पुन्हा जुळवावं लागलं. विसाव्या शतकातल्या हर्बर्ट हॉवेल्स यांचा नऊ वर्षांचा मुलगा मायकेल १९३५ साली पोलिओनं गेला. पुढच्या काळात त्यांनी केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजसाठी, ग्लॉस्टर कॅथेड्रलसाठी, लंडनच्या सेंट पॉल्ससाठी सायंउपासनेची संगीतं लिहिली, आणि प्रत्येक वास्तूचा घुमारा ध्यानात ठेवून लिहिली. सेंट पॉल्सच्या घुमटाखाली एक सूर विरायला कित्येक सेकंद लागतात, म्हणून तिथं स्वरसंगती सावकाश बदलतात. इतक्या बारकाईनं इमारतीसाठी गाणं बेतणारे संगीतकार जगात थोडे.

आक्षेप अर्थातच आहे, आणि तो मोठ्या माणसानं घेतलेला आहे. नारायण वामन टिळक नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मराठी मंडळ्यांमध्ये तेव्हा परक्या चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं म्हटली जात, आणि चालीच्या सोयीसाठी मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ वाटेल तसे ताणले जात. टिळकांना ते सोसवलं नाही. अभंग, ओवी, भजन, कीर्तन या घरच्या वाटांनी त्यांनी शेकडो गीतं रचली, आणि मराठी ख्रिस्ती माणूस स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या सुरात गाऊ लागला. टिळकांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. उपासना माणसानं आपल्याच भाषेत करावी.

पण त्यांनी नाकारली ती उसनवारी होती, ओढूनताणून बसवलेलं भाषांतर होतं. मूळ संगीत मूळ रूपात ऐकायला त्यांच्या भूमिकेची आडकाठी येत नाही. बेगम अख्तरांची गझल ऐकण्यासाठी कुणी मराठी सोडत नाही, तसंच हे. उलट कॅथेड्रलच्या गाण्यात असं एक आहे, जे आपल्या संगीतात फारसं वाढलं नाही: एकाच वेळी अनेक स्वतंत्र चाली. आपलं गाणं एका रेषेत खोल जातं, आणि त्या खोलीला जगात तोड नाही. इथं चार, पाच, आठ रेषा एकमेकींना वाट देत पुढं जातात. टॅलिस यांनी तर ‘स्पेम इन अॅलियम’मध्ये चाळीस वेगवेगळे आवाज गुंफले. रागदारीनं तयार झालेला कान सुरुवातीला या गर्दीत गोंधळतो. उपाय सोपा आहे. पहिल्यांदा ऐकताना फक्त वरचा आवाज धरावा, दुसऱ्यांदा फक्त खर्ज. तिसऱ्या वेळी मधले आवाज आपसूक उलगडू लागतात.

मुंबईनं या वाटेवर पाऊल फार पूर्वी टाकलं. आज ‘कॅथेड्रल अँड जॉन कॉनन’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या शाळेचा आरंभ १८६० साली झाला, तो सेंट थॉमस कॅथेड्रलला गाणारी मुलं हवी होती म्हणून. १९५६ साली व्हिक्टर परांज्योती यांनी सुरू केलेला गायकवृंद पुढं परदेशांतही गाऊन आला. शिलाँगच्या चेंबर क्वायरनं २०१० साली दूरचित्रवाणीवरची स्पर्धा जिंकली तेव्हा घराघरांत लोकांनी आवाजांची ही गुंफण ऐकली आणि ती त्यांना आवडली. नागपुरात शाळांची कमी नाही, गळ्यांची तर नाहीच. कमी आहे ती दोन पट्ट्यांत, मग चार पट्ट्यांत गायला शिकवणाऱ्यांची. बहुतेक शाळांच्या समूहगीतात साठ मुलं एकच चाल एकाच पट्टीत, होता होईल तेवढ्या मोठ्यानं म्हणतात. त्याच मुलांना दुसरा आवाज शिकवला, तर शेजाऱ्याचा सूर ऐकत आपला सूर सांभाळण्याची शिस्त त्यांना दहाव्या वर्षी लागेल.

किंग्ज कॉलेजच्या चॅपलमध्ये १९१८पासून २४ डिसेंबरला नऊ वाचनं आणि कॅरल गीतं यांची उपासना होते आणि रेडिओवरून ती जगभर ऐकली जाते. नागपूरच्या चर्चमध्येही नाताळात कॅरल गायली जातात. सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या मंडळींना विनंती एवढीच, की या डिसेंबरात एक संध्याकाळ शहरासाठी ठेवावी: अर्धा वेळ टिळकांची भजनं, अर्धा वेळ टॅलिस आणि स्टॅनफर्ड, आणि दार सर्वांना उघडं. शाळांनी आपली मुलं पाठवावीत, संगीत विद्यालयांनी आपले विद्यार्थी. आणि वाचकांनी तोवर वाट पाहत बसू नये. स्टॅनफर्ड यांचं जी मेजरमधलं ‘मॅग्निफिकॅट’ यूट्यूबवर सहज सापडतं, ते चार-पाच मिनिटांचं आहे; आज रात्री दिवे मालवण्याआधी एकदा ऐकावं.