घरची शिल्लक आणि गावाची शिल्लक

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला केन्सने सांगितलेले रोख पैसा जवळ बाळगण्याचे तीन हेतू तोंडपाठ असतात : व्यवहार हेतू, दक्षता हेतू आणि सट्टा हेतू. परीक्षेत या प्रश्नाला हमखास गुण मिळतात. पुढे हाच विद्यार्थी शिक्षक किंवा कारकून होऊन संसाराला लागला, की त्याच्या महिन्याच्या हिशेबात पहिला हेतू उरतो आणि तिसराही शहराबाहेरच्या प्लॉटच्या रूपाने डोके वर काढतो. मधला दक्षता हेतू तेवढा नाहीसा होतो. पगारातून घराचा हप्ता, गाडीचा हप्ता आणि मुलाच्या शिकवणीचे शुल्क गेल्यावर जे उरते त्याला शिल्लक म्हणणे धाडसाचे ठरेल.

ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यात एका रात्रीच्या पावसाने गावेच्या गावे पाण्याखाली गेली आणि लोकांच्या सुटकेसाठी लष्कर बोलवावे लागले. पुढच्याच महिन्यात अवघ्या मराठवाड्यात अतिवृष्टीने खरीप वाहून गेला. त्याआधी २०२० च्या महासाथीने शहरे बंद पाडली होती. अशा घटना लागोपाठ घडल्या, की ‘आता काही खरे नाही’ अशी भाषा सुशिक्षितांच्या तोंडीही येऊ लागते. पाश्चात्त्य देशांत समाजव्यवस्था कोसळेल या भीतीने तळघरात डबाबंद अन्न आणि बंदुका साठविणारी कुटुंबे आहेत. आपल्याकडे तळघरे नाहीत, परंतु ‘आपले आपण पाहावे’ ही वृत्ती मूळ धरू लागली आहे. म्हणूनच कुटुंबाने संकटाची तयारी करावी म्हणजे नेमके काय करावे, हा प्रश्न एकदा नीट विचारात घ्यावयास हवा. त्यासाठी मराठवाड्याला कल्पनाशक्ती ताणण्याची गरज नाही. गेल्या अर्धशतकात तीन मोठ्या परीक्षा या भूमीने प्रत्यक्ष दिल्या आहेत.

तीन परीक्षा, तीन उणिवा

पहिली परीक्षा १९७२ च्या दुष्काळाची. त्या वर्षी आटली ती मुख्यतः कष्टकऱ्याची क्रयशक्ती. शेतात काम नाही म्हणून मजुरी नाही, आणि मजुरी नाही म्हणून बाजारात असलेले धान्यही आवाक्याबाहेर गेले. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दुष्काळाविषयी जो सिद्धांत मांडला, त्याचा अनुभव मराठवाड्याच्या मजुराने नऊ वर्षे आधीच घेतला होता. याच वेळी घरच्या शिलकीचे एक कटू सत्यही उघड झाले. ज्या कुटुंबांनी बैलजोडी आणि भांडीकुंडी हीच आपली ठेव मानली होती, त्या सर्वांनी ती एकाच वेळी विकायला काढली. सर्वांनी एकाच बाजारात एकाच वेळी विकायला आणलेली वस्तू मातीमोल होते. पाऊस पडल्यावर तीच बैलजोडी पुन्हा विकत घेण्याची ऐपत मात्र पुष्कळांना राहिली नाही.

दुसरी परीक्षा किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे गाढ झोपेत असताना, चार वाजण्याच्या सुमारास धरणी हादरली. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंप जगातील सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी नव्हता, परंतु घरे घातक होती. काळ्या दगडांच्या, मातीत रचलेल्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे आणि प्रतिष्ठेचे मानलेले हेच बांधकाम कुटुंबाच्या अंगावर कोसळले. भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडणारे आरपार दगड नव्हते आणि वरून बांधून ठेवणारा पट्टा नव्हता. धान्याची कणगी भरलेली होती, सोने पेटीत होते, सातबारा आणि पासबुक कोनाड्यात होते. सर्व काही एकाच छपराखाली असल्यामुळे एकाच क्षणी गाडले गेले.

तिसरी परीक्षा २०१६ मधील लातूरच्या पाण्याची. मांजरा धरण कोरडे पडले. पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी व हाणामारी होऊ नये म्हणून त्या मार्चमध्ये प्रशासनाने जमावबंदीचे १४४ कलम लावले. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर आणि पुढे पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख लिटर. या वेळी पैसा असलेली कुटुंबेही हतबल झाली. काहींनी टँकर विकत घेतले, काहींनी कूपनलिका आणखी खोल नेली. परंतु एकाने खोल नेलेली कूपनलिका शेजाऱ्याची कोरडी करते. एका घराची दक्षता इतर घरांची आपत्ती ठरू शकते, हा धडा लातूरने त्या वर्षी घेतला. निदान घ्यावयास हवा होता.

संकट एका घराचे की साऱ्या गावाचे?

या तिन्ही अनुभवांतून एक भेद स्पष्ट होतो. तो ध्यानात घेतल्याविना कुटुंबाची कोणतीही तयारी अपुरीच राहील. काही संकटे एका घरावर येतात : कर्त्या माणसाचे आजारपण, अपघात, मृत्यू, नोकरी जाणे. अशा वेळी भाऊबंद, सोयरे, भिशी, कर्मचाऱ्यांची पतसंस्था हात देतात, कारण त्यांची स्वतःची घडी शाबूत असते. दुष्काळ, भूकंप, महापूर ही मात्र साऱ्या मुलखावर येणारी संकटे होत. आपले सोयरे बहुधा जवळच्याच तालुक्यांतील असतात. ज्याच्याकडे हात पसरावा तोच त्या वेळी हात पसरून उभा असतो. पहिल्या प्रकारच्या संकटाला घराची आणि आप्तांची शिल्लक पुरते. दुसऱ्या प्रकारच्या संकटात तिने फार तर पहिले काही दिवस किंवा आठवडे निभावतात. त्यापुढे लागते ती गावाची, राज्याची, म्हणजेच समाजाची शिल्लक.

आपल्या पूर्वजांना हा भेद ठाऊक होता. घरात कणगी आणि बळद असे; त्याबरोबर गावात जमिनीखाली पेव असे. पेवातली ज्वारी वर्षानुवर्षे टिके आणि पेव उघडणे हे एकट्यादुकट्याचे काम नसे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो, पण तिचा गाभा अर्थशास्त्राचा आहे : दुष्काळात सरकारी कोठार कोणासाठी उघडावयाचे? पुढे पेवे बुजली आणि शेतात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. त्याने हातात रोख पैसा आला हे खरे. परंतु सोयाबीन कणगीत भरून वर्षभर त्याची भाकरी खाता येत नाही. शेतकरी कुटुंबही आता शहरातल्या कारकुनाप्रमाणे दुकानावर आणि रोखीवर अवलंबून आहे.

घराने काय करावे

तेव्हा घरच्या तयारीचा आरंभ रोखतेपासून व्हावा. तीन महिन्यांचा खर्च भागेल एवढी रक्कम कोणत्याही हप्त्याच्या किंवा समारंभाच्या वाटेला न जाता अलग राहिली पाहिजे. प्लॉट ही संपत्ती खरी, पण रुग्णालयाच्या खिडकीवर प्लॉट चालत नाही. दोन टक्के अधिक व्याजाच्या मोहाने ही रक्कम कुठे ठेवली जाते, हेही पाहावे. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्था आणि ‘मल्टिस्टेट’ संस्था या विम्याच्या कक्षेत येत नाहीत. मराठवाड्यातील अशा काही संस्था अलीकडे बुडाल्या, तेव्हा सेवानिवृत्तांची आयुष्यभराची पुंजी अडकली. थोडी रोकड घरातही असावी. वीज आणि दूरध्वनी बंद पडले, की मोबाइलवरून पैसे देण्याची सोय तत्काळ निरुपयोगी ठरते.

दुसरी बाब कागदपत्रांची. शिधापत्रिका, आधार, सातबारा, खरेदीखत, विमापत्रे, सेवापुस्तकाच्या प्रती यांचा एक संच दुसऱ्या गावातील विश्वासू नातलगाकडे असावा. नुकसानभरपाई असो की महात्मा जोतीराव फुले योजनेतील उपचार असोत, शासनाच्या दारात माणसाची ओळख कागदानेच पटते. प्रत्येक खात्यावर वारसाचे नाव नोंदविलेले असावे आणि घरातील सर्व व्यवहार पत्नीला ठाऊक असावेत. कर्ता पुरुष गेल्यावर पतीची खाती कोणत्या बँकेत आहेत याचा शोध घेत फिरणाऱ्या सुशिक्षित घरातील स्त्रिया आजही आढळतात. ही गोष्ट दारिद्र्याची नसून निष्काळजीपणाची आहे.

तिसरी बाब घराची. किल्लारीनंतर बावन्न गावे नव्याने वसविली गेली आणि जुनी घरे मजबूत करण्याच्या पद्धतीही शिकविल्या गेल्या. २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले धक्के नांदेडलाही जाणवले. गावाकडच्या वडिलोपार्जित घराच्या भिंती एकदा जाणकाराला दाखवून घेणे हे शहरात आणखी एक खोली चढविण्यापेक्षा अधिक निकडीचे आहे. याखेरीज महिना-दोन महिन्यांचे धान्य, झाकलेली पाण्याची टाकी, नित्याची औषधे हे सर्व गृहिणींना सांगण्याची गरज नाही. ती शहाणीव घरात आहेच, तिला पुरुषांनी अंदाजपत्रकात जागा द्यावी एवढेच.

ज्यांना शिल्लकच पडत नाही

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. तासिका तत्त्वावर शिकविणारा अध्यापक, विनाअनुदानित शाळेतला शिक्षक, कंत्राटी लिपिक यांनी तीन महिन्यांची शिल्लक कोठून आणावी? मार्च २०२० चे वेतन राज्य शासनाने दोन टप्प्यांत देण्याचे ठरविले, तेव्हा नियमित कर्मचाऱ्यांची केवढी तारांबळ उडाली! ज्याला सुट्टीच्या महिन्यात वेतनच नसते, त्याला काटकसरीचा उपदेश करणे ही थट्टा होय. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाची खात्री राहिली नाही, म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी संपावर गेले. त्या मागणीचे गुणदोष काहीही असोत, तिच्या मुळाशी दक्षता हेतूच होता. उत्पन्नाची नियमितता हीच कुटुंबाची पहिली तटबंदी आहे. ती काढून घ्यावयाची आणि वर बचतीचे माहात्म्य सांगावयाचे, हे अर्थशास्त्र नव्हे.

हाच विचार लातूरला शिकावयास आलेल्या मुलांच्या पालकांनीही करावा. शिकवणी, वसतिगृह, खानावळ यांपायी सोने गहाण पडते, कधी शेतही विकले जाते. मुलाचे शिक्षण ही गुंतवणूक आहे हे मान्य. परंतु तिचे फळ अनिश्चित आहे आणि दूरचे आहे. घरची शेवटची शिल्लक तीत घालणे म्हणजे कोवळ्या मुलाच्या एका परीक्षेच्या निकालावर सारे घर टांगणे होय. पाल्यावर तेवढे ओझे टाकण्याचा अधिकार कोणत्याही पालकाला नाही.

वेतनपत्रकातील एक ओळ

आता गावाच्या शिलकीविषयी. १९७२-७३ मध्ये मराठवाडा कोलमडला नाही, याचे श्रेय कोणा एका घराच्या कणगीला देता येणार नाही. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. खडी फोडून, बांध घालून, पाझर तलाव खोदून त्यांनी मजुरी मिळविली आणि त्या मजुरीने धान्य विकत घेतले. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकारास आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याला तिचाच आदर्श मिळाला. या योजनेसाठी पैसा उभा करावयाचा म्हणून १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर बसविला. आपल्या वेतनपत्रकात दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपयांची जी कपात दिसते, ती हीच. ती पाहून आपण कपाळाला आठ्या घालतो. वास्तविक शहरी पगारदाराने दुष्काळग्रस्त मजुरासाठी भरलेला तो विम्याचा हप्ता होय. पाऊस रुसला असता मुंबईच्या कारकुनाचा पगार थांबत नाही. त्या पगारातला अंश मुखेडच्या मजुरापर्यंत पोहोचविणे हे कोणत्याही भिशीला जमणारे नाही.

किल्लारीतही हेच दिसले. शासन होते, लष्कर होते, देशोदेशीची मदत होती. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्यास नेऊन शिकविले. समाज कोसळण्याच्या वेळी समाजच उभा राहिला. परंतु तो आपोआप उभा राहतो असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याची आपत्ती योजना असणे बंधनकारक आहे. आपल्या गावाविषयी तीत काय लिहिले आहे, हे किती शिक्षकांनी विचारले? शिधावाटप दुकान, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावचा आड, ग्रामसभा यांच्याकडे आपण पाठ फिरविली. त्यांच्या जागी खाजगी दवाखाना, बाटलीतले पाणी आणि स्वतःची कूपनलिका आणली. साध्या दिवसांत ही सोय वाटते; संकटाच्या दिवशी मात्र याच उपेक्षित संस्थांच्या दारात आपल्याला उभे राहावे लागते. आपण ज्यांना मोडकळीस येऊ दिले, त्यांनी त्या दिवशी आपल्याला सावरावे ही अपेक्षा न्यायाची नाही.

म्हणून कुटुंबाच्या दक्षतेचे दोन हिशेब ठेवावेत. एक घरातील रोख, धान्य, पाणी आणि कागदांचा. दुसरा आपल्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेचा, ग्रामसभेचा, वॉर्डातील पाणीपुरवठ्याचा, सरकारी रुग्णालयातील औषधांचा. पहिला हिशेब प्रत्येकाने आपल्या घरी या महिनाअखेरीस करावा. दुसऱ्यासाठी चार शिक्षक, चार कारकून आणि चार विद्यार्थी एकत्र बसले तरी पुरे. पुढचा दुष्काळ वा पूर केव्हा येईल हे कोणालाही सांगता येणार नाही. तो येईल याविषयी मात्र मराठवाड्यात तरी कोणाला शंका असू नये.