दगडखाणीचं नूतनीकरण म्हणजे पावती फाडणं नव्हे

नाशिक जिल्ह्यात कोळसा निघत नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्राला लागतो तो रेल्वेने बाहेरून येतो. आपल्याकडे खाण म्हणजे दगडाची. डबर, खडी, मुरूम. सरकारी भाषेत 'गौण खनिज'. आता नावातच गौण म्हटल्यावर त्याची फाईल कोण मन लावून वाचणार?

पण वाचायची वेळ आत्ता आहे. कुंभमेळ्याची कामं सुरू आहेत. रस्ते, पूल, घाट, सगळ्याला खडी लागते. मागणी अशी वाढली की मुदत संपत आलेल्या खाणपट्ट्यांच्या फायली पळायला लागतात आणि 'कुंभाचं काम अडेल' हे एक वाक्य पुढे केलं की प्रश्न विचारणारा लगेच विकासविरोधी ठरतो. 2021 साली ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर फोडल्यावरून केवढा गदारोळ झाला, ते आठवा. बेळगाव ढगा, सारूळच्या टेकड्यांचं काय झालंय ते तर रस्त्यावरून जाताना दिसतंच. डोंगर परत उगवत नाही, मंडळी.

नूतनीकरणाबद्दल आपल्याकडे एक पक्का गैरसमज आहे. मुदत संपली, फी भरली, पुढची मुदत मिळाली. जणू गाडीचा विमाच. कायदा असं म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात 27 फेब्रुवारी 2012 रोजी स्पष्ट सांगितलं की पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिजाचा पट्टा असला तरी पर्यावरण मंजुरी हवीच, आणि त्यात 'नूतनीकरणासह' असा उल्लेख आहे. तो उगाच नाही. त्याआधी लहान लहान तुकडे पाडून मंजुरीतून सुटायची सवय देशभर लागली होती.

घाईघाईने नूतनीकरण केलं की काय होतं, ते शेजारच्या गोव्याला विचारा. तिथले लोहखनिजाचे पट्टे 2007 मध्येच संपले होते, त्यानंतरचं खाणकाम बेकायदा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली ठरवलं. तरी राज्य सरकारने 88 पट्ट्यांचं दुसऱ्यांदा नूतनीकरण केलं. त्यातले बरेचसे जानेवारी 2015 च्या पहिल्या काही दिवसांत, म्हणजे पट्टे लिलावानेच द्यायचे हा केंद्राचा अध्यादेश 12 जानेवारीला निघाला त्याच्या तोंडावर. 7 फेब्रुवारी 2018 ला न्यायालयाने सगळीच्या सगळी 88 नूतनीकरणं रद्द केली. 16 मार्चपासून खाणी बंद. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, सगळे एका फटक्यात घरी बसले. सह्या करणाऱ्यांच्या घरची चूल मात्र विझली नाही. म्हणून क्रशरवर काम करणाऱ्या आपल्या पोरांनीही नीट तपासणीच मागितली पाहिजे. कच्च्या कागदावर उभी असलेली नोकरी कधीही जाते.

तपासायचं काय? माझ्या मते दोनच गोष्टी आधी बघा. एक, ईटीएस मोजणी. रॉयल्टी किती ब्रासची भरली आणि खड्डा प्रत्यक्षात किती ब्रासचा आहे? खड्डा खोटं बोलत नाही. जादा उपसा निघाला तर महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. तो वसूल न करता पुढची मुदत देणं म्हणजे चोरी माफ करून वर बक्षीस देणं.

दुसरं, सहामाही अनुपालन अहवाल. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार मंजुरी मिळालेल्याने दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो. पाणी मारलं का, झाडं लावली का, खड्डा कुठवर आला. आणि हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत, कोणीही अर्ज करून मागू शकतो. द्राक्षाच्या पानावर धूळ बसते, सुरुंगाने भिंतीला तडे जातात अशी तक्रार घेऊन माणूस तलाठ्याकडे जातो तेव्हा त्याच्या हातात हा कागद नसतो. तो असला की बोलणं बदलतं.

त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, दिंडोरीच्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांसाठी तर पेसा आहे. गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची शिफारस बंधनकारक. नूतनीकरण म्हणजे पुन्हा दिलेली मंजुरीच, तेव्हा ग्रामसभा पुन्हा झालीच पाहिजे. कोरम नसलेल्या सभेचा जुना ठराव झेरॉक्स करून चालणार नाही.

खडी नको असं कोणी म्हणत नाहीये. माझंही घर त्याच खडीवर उभं आहे. पण हिशोब लागला तरच पुढची मुदत द्या. पुढच्या ग्रामसभेत आपल्या शिवारातल्या खाणीची मुदत कधी संपते एवढं विचारा, जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे माहिती अधिकारात मोजणीचा अहवाल मागा. ज्यांना मिळेल त्यांनी गावाच्या नावासकट इथे टाका.