विश्लेषण : लालबागचा मसाला ‘ऑटोपायलट’वर विकता येईल का?

‘वेबसाइट एकदा उभी करा, मग ऑर्डर आपोआप येतील, माल आपोआप जाईल’ अशा जाहिराती आणि त्यासाठीचे महागडे कोर्स मोबाइलवर रोज दिसतात. दादर, गिरगाव, लालबागमधील गृहउद्योग आणि छोटे दुकानदारही याकडे वळू लागले आहेत. मात्र वेबसाइट, पेमेंट गेटवे आणि कुरिअर ही सोय आता कोणालाही मिळते. धंदा चालतो की अडकतो हे बहुतेक वेळा एकाच निर्णयावर ठरते : विकायचे काय?

‘आपोआप’ धंदा म्हणजे काय?

ग्राहकाने मोबाइलवर वस्तू निवडायची, पैसे भरायचे, ऑर्डर थेट गोदामात किंवा उत्पादकाकडे जायची, कुरिअरवाल्याने पाकीट उचलायचे आणि मालकाने फक्त हिशेब पाहायचा, अशी ही रचना. टिम फेरिस यांच्या ‘द फोर-अवर वर्कवीक’ या 2007 मधील पुस्तकाने ही कल्पना जगभर पोहोचवली. वस्तूची किंमत साधारण 50 ते 200 डॉलर असावी, असे त्यांचे सांगणे होते. कारण सोपे आहे. स्वस्त वस्तूत पाठवणीचा खर्च नफा खातो आणि महाग वस्तू घेण्याआधी ग्राहक फोन करून दहा प्रश्न विचारतो.

अमेरिकी आकडे इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण गणित तेच आहे. समजा, पाव किलो गोडा मसाल्याचे पाकीट 200 रुपयांना विकले. कच्चा माल आणि दळण 110, पॅकिंग 12, कुरिअर 60, पेमेंटचे शुल्क 4. उरले 14 रुपये. दहा पार्सलांपैकी एक ‘कॅश ऑन डिलिव्हरी’चे पार्सल परत आले तर जाण्यायेण्याचे 120 आणि पॅकिंगचे 12 गेले. उरलेल्या नऊ पाकिटांनी कमावलेले 126 रुपये त्यातच संपले. तीन पाकिटांचा 600 रुपयांचा संच मात्र कुरिअरला 90 रुपये धरले तरी 140 च्या आसपास ठेवून जातो. म्हणजे मसाला तोच, पण सुटे पाकीट हा ऑनलाइन विकण्याचा माल नव्हे.

गिरगावचा धडा काय?

15 मार्च 1959 रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात महिलांनी 80 रुपयांच्या उधारीवर पापड लाटले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तीच पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था झाली. तिच्या यशाचे श्रेय जिद्दीला दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण वस्तूची निवडही बघायला हवी. पापड हलका, सुका, टिकाऊ. चव एकदा ठरली की बदलायची गरज नाही. पीठ एका ठिकाणी मळायचे, भगिनींनी घरी नेऊन लाटायचे, वाळवून परत आणायचे आणि तपासून घ्यायचे. हात माणसांचेच, पण रचना अशी की कोणा एकीच्या गैरहजेरीने काम थांबत नाही. इंटरनेटच्या कितीतरी आधीची ही ‘सिस्टीम’ आहे.

‘कॅमलिन’चेही तसेच. 1931 मध्ये मुंबईत दांडेकरांनी सुरुवात केली ती ‘हॉर्स ब्रँड’ शाईची भुकटी आणि गोळ्या विकून. भुकटीची बाटली फुटत नाही, सांडत नाही. पाणी ग्राहकाने घरी घालायचे.

मग लालबागचा मसाला का अडतो?

कारण लालबागच्या मिरची गल्लीत विकला जातो तो मसाला नव्हे, तर सेवा. ग्राहक बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, लवंगी मिरची स्वतःच्या प्रमाणात घेतो, धणे-दगडफूल-नागकेशर निवडतो, भाजून घेतो आणि डंकावर कुटून नेतो. मालवणी घराचे प्रमाण वेगळे, आगऱ्यांचे वेगळे. मार्च ते मे गर्दी, पावसाळ्यात शुकशुकाट. हे सगळे वेबसाइटच्या चौकटीत बसवायला गेले की रोज पन्नास व्हॉट्सअ‍ॅप संदेशांना उत्तरे द्यावी लागतात. मग आपोआप काय राहिले?

शिवाय मिरचीचा भाव. कर्नाटकातील ब्याडगीच्या बाजारात 11 मार्च 2024 रोजी भाव अचानक कोसळल्याने संतापलेल्या शेतकऱ्यांनी बाजार समितीच्या कार्यालयावर हल्ला करून गाड्या पेटवल्या. भाव असा खाली-वर होत असताना वर्षभर एकच किंमत लावून ठेवणारा विक्रेता कधी ना कधी तोट्यात जातो. ठरलेल्या प्रमाणाचे दोन-तीन मसाले, मेतकूट, सुकी चटणी एवढेच ऑनलाइन ठेवावे आणि घरच्या प्रमाणाचा मसाला दुकानातच राहू द्यावा, हे अधिक शहाणपणाचे. गणेशमूर्तींबाबत तर बोलायलाच नको. नाजूक माल, एकच हंगाम, आणि फुटलेली मूर्ती परत घेण्याची वेळ आली तर पैशांपेक्षा भावनांचा प्रश्न मोठा.

कायद्याची बाजू काय?

इथे बरेच जण फसतात. वस्तूंच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा 40 लाख रुपयांची उलाढाल आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून अ‍ॅमेझॉनसारख्या मंचावरून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांनाही या मर्यादेत सवलत मिळते. पण करपात्र वस्तूचे एक पाकीट जरी बेळगाव किंवा इंदूरला विकले तरी उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. सेवांचे तसे नाही. तिथे 20 लाखांपर्यंत परराज्यातील ग्राहकही चालतो. मोडी लिपीचा रेकॉर्ड केलेला वर्ग किंवा दहावीच्या सराव परीक्षा विकणाऱ्याला त्यामुळे कुरिअरही नाही आणि सुरुवातीला ही कटकटही नाही. त्याची डोकेदुखी वेगळी : एकाने घेतलेली फाइल संध्याकाळपर्यंत चार ग्रुपवर फिरते.

खाद्यपदार्थ असेल तर घरच्या स्वयंपाकघरालाही ‘एफएसएसएआय’ची नोंदणी हवी. ग्राहकाच्या हाती पडताना पदार्थाचे किमान 30 टक्के आयुष्य किंवा 45 दिवस शिल्लक असावेत, असे या प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितले. उकडीचे मोदक आणि पुरणपोळी या वाटेने जाऊच शकत नाहीत. तळलेली चकलीही जेमतेम.

दुसऱ्याचा माल न पाहताच विकणाऱ्या ‘ड्रॉपशिपिंग’वाल्यांनी 2020 चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम वाचावेत. सदोष माल परत घेणे नाकारता येत नाही, कोणत्या देशात बनला ते सांगावे लागते, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात करावे लागते. माल सुरतच्या गोदामातून गेला असला तरी ग्राहकाच्या लेखी विक्रेता दादरचाच.

परदेशातील ग्राहक?

दिवाळीचा फराळ अमेरिकेला पाठवणे हा दादर-गिरगावचा हक्काचा हंगामी धंदा. 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी अमेरिकेने 29 ऑगस्ट 2025 पासून काढून घेतली. त्याआधी चार दिवस भारतीय टपाल खात्याने तिकडची बहुतांश पार्सले घेणे थांबवले आणि ती पुन्हा सुरू झाली 15 ऑक्टोबरला, दिवाळी अगदी तोंडावर असताना. शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंना सूट होती, पण दुकानाने विकलेला डबा भेट ठरत नाही. ज्यांनी वर्षाची कमाई या एकाच मार्गावर ठेवली होती त्यांना खासगी कुरिअरचे दर मोजावे लागले किंवा ऑर्डर सोडाव्या लागल्या. अशा धंद्यात उतरणाऱ्याने कोर्सची फी भरण्याआधी ठरवलेल्या वस्तूची पन्नास पार्सले स्वतः बांधून, स्वतः पाठवून पाहावीत. किती परत येतात, किती फोन येतात आणि हातात किती उरते, हे त्या पन्नासांत दिसते.