‘नवीन कीड सापडली’ म्हणजे नेमके काय झाले?

अमुक ठिकाणी कीटकाची नवीन प्रजाती सापडली, अशी बातमी हल्ली दर महिन्या-दोन महिन्यांनी वाचायला मिळते. बातमी व्हॉट्सॲपवर फिरू लागली की कृषी सहायकांना पहिला प्रश्न येतो, “साहेब, ही आपल्या पिकावर येईल का? फवारणी कोणती घ्यायची?” प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देण्याआधी बातमीतला ‘नवीन’ हा शब्द तपासून घ्यावा लागतो, कारण तो किमान तीन वेगवेगळ्या अर्थांनी वापरला जातो.

भारतीय प्राणी सर्वेक्षण विभाग दरवर्षी देशात नव्याने नोंद झालेल्या प्राण्यांची यादी प्रसिद्ध करतो. 2024 या वर्षाच्या यादीत 683 नोंदी आहेत. त्यापैकी 459 प्रजाती विज्ञानालाच नव्या आहेत, म्हणजे जगात कोणीही त्यांना आधी नाव दिलेले नव्हते. उरलेल्या 224 प्रजाती इतर देशांत माहीत होत्या; त्या भारतात प्रथमच आढळल्या. यात कीटकांबरोबर इतर प्राणीही आहेत. बातमीत दोन्ही गट ‘नवीन’ म्हणूनच छापले जातात. शेतकऱ्याने मात्र सावध व्हायचे ते प्रामुख्याने दुसऱ्या गटाबाबत. पहिल्या गटातले बहुतेक कीटक जंगलात, पालापाचोळ्यात किंवा दुसऱ्या किडीच्या अंगात जगणारे असतात. ते हजारो वर्षांपासून इथेच आहेत, फक्त त्यांना नाव नव्हते.

दुसऱ्या गटाचे ठळक उदाहरण म्हणजे मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी. 2018 मध्ये ती कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. आपल्याला ती नवी होती, पण शास्त्रात तिचे वर्णन 1797 मध्येच झालेले होते. त्यामुळे डोक्यावरची उलट्या ‘वाय’सारखी खूण आणि शेपटीकडील चौकोनात मांडलेले चार ठिपके बघून ओळख पटली, की तिचा जीवनक्रम, कामगंध सापळ्यातली ल्युर आणि अंड्यांवरचे परोपजीवी कीटक ही सगळी माहिती हाताशी होती. ती नव्याने शोधायला लागली असती तर दोन-तीन हंगाम गेले असते.

आता विज्ञानाला नव्या असलेल्या कीटकाला नाव कसे देतात ते पाहू. फोटो काढला आणि नाव ठेवले, असे होत नाही. पिठ्या ढेकणाचे उदाहरण घ्या. पूर्ण वाढलेली मादी कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवून आतला गाळ आणि मेण काढतात, तिला रंग देतात, काचपट्टीवर पसरवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या अंगावरची छिद्रे, केस, पायांची रचना मोजतात. पतंग आणि भुंगेऱ्यांत अनेकदा नराची जननेंद्रिये पाहिल्याशिवाय दोन सख्खे शेजारी वेगळे करता येत नाहीत. हल्ली जोडीला डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाचून तुलना करतात. मग आधी वर्णन झालेल्या सर्व जवळच्या प्रजातींशी ताळा घालायचा, फरक लिहायचे, आकृत्यांसह शोधनिबंध छापायचा आणि ज्या एका नमुन्यावर नाव बेतले तो होलोटाइप म्हणून संग्रहालयात कायमचा ठेवायचा. पुढे कोणाला शंका आली तर तो नमुना काढून पाहता येतो.

हे सगळे प्रयोगशाळेतले काम वाटेल, पण कपाशी उत्पादकांनी त्याचा परिणाम प्रत्यक्ष भोगला आहे. 2005 नंतरच्या दोन-तीन हंगामांत पाकिस्तान, गुजरात, पंजाब आणि मग महाराष्ट्रातल्या कपाशीवर पिठ्या ढेकणाने थैमान घातले. शेंडे आखडले, बोंडे चिकट झाली, झाडावर काळी बुरशी चढली. मेणाच्या थरामुळे औषध अंगापर्यंत नीट पोहोचत नव्हते, म्हणून फवारण्यांवर फवारण्या झाल्या. आपल्याकडे पूर्वीपासून माहीत असलेला गुलाबी पिठ्या ढेकूणही कपाशीवर येतो. मग हा तोच, की दुसरा? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नऊ राज्यांतल्या 47 ठिकाणांहून नमुने गोळा केले आणि बहुतांश नमुने फेनाकॉकस सोलेनॉप्सिस या परदेशी प्रजातीचे निघाले. ही प्रजाती 1898 मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत वर्णन केलेली. पाठीवर गडद रेषांची जोडी दिसते ती हिचीच. गुलाबी ढेकणाला अशा रेषा नसतात आणि चिरडल्यावर लालसर रस निघतो.

गंमत म्हणजे पाकिस्तानातल्या नमुन्यांना दरम्यान एक वेगळे, नवे नाव देऊन झाले होते. 2008 मध्ये सविस्तर तपासणी झाली तेव्हा हाच कीटक ऋतुमानाप्रमाणे आपली शरीररचना थोडी बदलतो हे लक्षात आले, आणि ते ‘नवे’ नाव बाद झाले. ‘नवीन’चा हा तिसरा अर्थ: जुनाच कीटक, नवीन पाटी.

त्याच वेळी शेतात आणखी एक गोष्ट घडत होती. झाडावरचे काही ढेकूण फुगून तपकिरी, कडक होत होते आणि त्यांच्या एका टोकाला गोल भोक पडत होते. आत एक छोटी काळी गांधीलमाशीसारखी माशी वाढत होती. अंड्यापासून माशी बाहेर पडेपर्यंत साधारण दोन आठवडे लागतात आणि एका ढेकणातून एकच माशी निघते. ती कोणी आयात केली नव्हती, कोणी प्रयोगशाळेत वाढवून सोडलीही नव्हती. अलिगढ मुस्लिम विद्यापीठातील मोहम्मद हयात यांनी 2009 मध्ये तिचे नवीन प्रजाती म्हणून वर्णन केले आणि राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तेव्हाचे संचालक डॉ. बंबावाले यांच्यावरून तिला एनासियस बंबावालेई हे नाव दिले. नाव मिळाल्यावर तिचे सर्वेक्षण करता आले, कोणते कीटकनाशक तिला जास्त मारते ते तपासता आले, विस्तार पत्रिकांत ‘तपकिरी ममी दिसत असतील तर फवारणी थांबवा’ असे छापता आले. त्यापुढच्या हंगामांत कपाशीवरचा पिठ्या ढेकूण आटोक्यात आला, त्यात या माशीचा वाटा मोठा होता.

पुढे 2014 मध्ये असे दिसून आले, की अमेरिकेत 1915 मध्ये वर्णन झालेली एक माशी आणि ही एकच आहे. प्राण्यांच्या नामकरणाचा नियम सरळ आहे, आधी दिलेले नाव टिकते. त्यामुळे आज तिचे अधिकृत नाव एनासियस ॲरिझोनेन्सिस आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी हे ध्यानात ठेवावे. जुन्या शिफारशीत एक नाव आणि नव्या पुस्तिकेत दुसरे दिसले, तर दोन वेगळे मित्रकीटक समजू नका. मला विचाराल तर हयात यांच्या कामाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. शेतात काय घडते आहे हे त्या वर्णनामुळे वेळेवर कळले.

ओळख चुकली तर काय होते, हे आफ्रिकेतल्या कसाव्याने दाखवले. 1970 च्या दशकात तिथे या कंदपिकावर पिठ्या ढेकूण आला आणि लाखो लोकांच्या जेवणातला कंद धोक्यात आला. 1977 मध्ये त्याचे फेनाकॉकस मॅनिहोटी असे नामकरण झाले. मूळ प्रदेश दक्षिण अमेरिका असणार म्हणून उत्तरेकडच्या भागात शोध सुरू झाला, तसाच दिसणारा ढेकूण सापडलाही, पण त्याचे परोपजीवी कीटक आफ्रिकेतल्या ढेकणावर चालेनात. बारकाईने पाहिल्यावर तो वेगळाच निघाला. एक गुलाबी आणि केवळ माद्यांचा, तर दुसरा पिवळसर आणि नर-मादी दोन्ही असणारा. खरा ढेकूण 1981 मध्ये पॅराग्वेत सापडला आणि त्याच्याबरोबर ॲनागायरस लोपेझी ही माशीही. तिने आफ्रिकेतली कीड आवरली. हाच ढेकूण 2020 मध्ये केरळात आढळला. उपवासाचा आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो हाच कसावा, आणि तमिळनाडूतील सेलम भागात त्याची मोठी शेती आहे. या वेळी ओळख पक्की होती, त्यामुळे बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने तीच माशी आणली आणि 2022 मध्ये तिथे सोडली.

केंद्र सरकारने 15 ऑगस्ट 2024 रोजी राष्ट्रीय कीड देखरेख प्रणालीचे ॲप सुरू केले. फोटोवरून नेहमीच्या किडी ओळखायला अशी साधने उपयोगी आहेत, ती जरूर वापरा. पण त्यांना शिकवलेल्या किडींपैकीच एक नाव ती सांगणार. पूर्वी न पाहिलेली कीड समोर आली तर सर्वांत मिळत्याजुळत्या किडीचे नाव पुढे येऊ शकते. फुलकिडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांत तर फोटो अपुराच पडतो. आणि काचपट्टी तयार करून प्रजाती सांगू शकणारे वर्गीकरणतज्ज्ञ देशात मोजकेच आहेत. त्यांच्यापर्यंत चांगला नमुना गेला पाहिजे, आणि तो पाठवणे तुमच्या हातात आहे.

ओळखीच्या किडीपेक्षा लक्षण वेगळे वाटले, नेहमीचे औषध अचानक चालेना, किंवा नव्याच पिकावर कीड दिसली, तर नमुना घ्या. मऊ अंगाचे कीटक छोट्या घट्ट झाकणाच्या बाटलीत 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, एकदोन नव्हे तर वीसएक. पतंग अल्कोहोलमध्ये टाकू नका, त्यांच्या पंखांवरचे खवले जातात आणि ओळखीच्या खुणा त्यातच असतात. ते कोरडे, टिश्यू कागदात, डबीत ठेवा. बाटलीत चिठ्ठी पेन्सिलने लिहून टाका, कारण पेनची शाई विरघळते. चिठ्ठीवर तारीख, गाव, तालुका, पीक, वाण, झाडाचा कोणता भाग आणि शेवटची फवारणी कोणती, एवढे हवे. जिवंत कीड दुसऱ्या जिल्ह्यात पाठवू नका. नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा राहुरी, अकोला, परभणी, दापोली यांपैकी आपल्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात द्या.

पिठ्या ढेकणात तपकिरी, कडक ममी दिसल्या तर त्या वेगळ्या काढा आणि कोरड्या बाटलीत, तोंडाला कापसाचा बोळा लावून, सावलीत ठेवा. दोन आठवड्यांत माश्या निघतात. त्याही नमुन्याबरोबर द्या आणि उत्तर येईपर्यंत त्या ओळींवर फवारणी करू नका.